रॉ आयबीतून वेगळी का काढली, आणि तिथे दिवसभर करतात काय?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस. परदेशी बातमी काढणाऱ्या आपल्या 'रॉ' या गुप्तवार्ता संस्थेत 'एजंट' व्हायचं मनात आहे. भंवरकुव्याजवळच्या एका क्लासवाल्याने "रॉचा फॉर्म निघाला की आम्हीच भरून देऊ" म्हणून ॲडव्हान्स मागितलाय. आणि घरी आई विचारतेय, देशातली गुप्तवार्ता बघणारी आयबी, म्हणजे इंटेलिजन्स ब्यूरो, असताना ही दुसरी संस्था हवी कशाला? शेवटी लिहिलंस, "काकालोकांपैकी कोणी जाणकार असेल तर सांगा." काका मी आहेच, जाणकार किती ते वाचून ठरव. वयाने नातीएवढी आहेस, म्हणून सरळ 'तू' म्हणतो.

क्लासवाल्याला पैसे देऊ नकोस. त्याचं कारण पुढे येईलच, पण तोवर कुणाच्या आग्रहाने देऊन बसू नयेस म्हणून आधीच सांगितलं.

मी रॉमध्ये नव्हतो. सैन्यात, सिग्नल्समध्ये होतो. निम्मी नोकरी सीमेवर बसून पलीकडचं बोलणं ऐकण्यात गेली, शेवटची काही वर्षं महूला शिकवण्यात. म्हणजे दिल्लीहून येणाऱ्या अहवालांचा मी गिऱ्हाईक. आत काम केलेल्यांना विचारशील तर ते बहुतेक हसून विषय बदलतील. २०२१ मध्ये पेन्शनचे नियम बदलले, तेव्हापासून गुप्तवार्ता संस्थांतून निवृत्त झालेल्या माणसाला परवानगीशिवाय आपल्या खात्याबद्दल काही छापता येत नाही. तेव्हा स्वयंपाकघरातलं सगळं मला ठाऊक नाही, पण ताटात काय पडायचं, किती गरम आणि किती उशिरा, ते मी सांगू शकतो.

तू विचारलंयस "आत कसं जायचं". मला त्यात दुसरा प्रश्न दिसतो: हे काम आहे तरी काय, आणि ते माझ्या स्वभावाला मानवेल का? त्याचं उत्तर आईच्या प्रश्नात दडलंय, म्हणून तिथून सुरुवात करतो.

आयबीचं मूळ १८८७ सालात जातं. इंग्रजांनी तेव्हा 'सेंट्रल स्पेशल ब्रँच' नावाची छोटी शाखा काढली आणि ती ठगी आणि डकैती खात्याला जोडली. हे तेच खातं, ज्याचं काम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने नर्मदेच्या खोऱ्यातल्या ठगांच्या मागावर सुरू केलं होतं. म्हणजे जन्मापासून नजर आत. कोण सभा घेतो, कोण पत्रक छापतो, कोणाच्या घरी कोण जातं. १९४७ ला संजीवी पिल्लै पहिले भारतीय संचालक झाले, १९५० पासून १९६४ पर्यंत बी. एन. मलिक. त्या काळात बाहेरच्या देशांची बातमी हेही आयबीचंच काम होतं. घरच्या कामाच्या डोंगरापुढे तो विभाग लहानच राहिला.

पोलिसाचा प्रश्न असतो, "हे कोणी केलं?" त्याला पुरावा लागतो, साक्षीदार लागतो, कोर्टात उभं राहायचं असतं. परदेशी गुप्तवार्तेचा प्रश्न असतो, "समोरचा काय करू शकतो, आणि त्याच्या मनात काय आहे?" इथे पुरावा कधीच पुरा होत नाही. पुरा होतो तेव्हा तोफा सुरू झालेल्या असतात. शिवाय घरात पोलिसाच्या पाठीशी कायदा असतो. बाहेर तुम्ही जे करता ते त्या देशाच्या कायद्याने गुन्हाच. दोन्ही कामं प्रामाणिकपणे करणारी माणसं असू शकतात, पण एकाच माणसाला एकाच खुर्चीत दोन्ही नीट जमणं कठीण. मराठ्यांच्या कारभारातही हे वेगळंच होतं बरं का. गावची चोरी पाटील-कोतवाल बघायचे, आणि दिल्ली दरबारात काय शिजतंय ते हिंगण्यांसारखे वकील, म्हणजे दरबारातले दूत, पुण्याला लिहून पाठवायचे. पत्र घेऊन धावायची ती जासूद-जोडी. आज आपण हेराला जासूस म्हणतो, पण जुन्या कागदांतला जासूद मुख्यतः टपाल्या आहे. खरी बातमी काढायचा तो वकील, आणि तो उघडपणे दरबारात बसलेला असायचा.

आता १९६२. चीनबद्दल बातमी नव्हती असं बरेच जण म्हणतात. तसं नव्हतं. चिनी जमवाजमवीच्या बातम्या येत होत्या. चुकला तो निष्कर्ष. आपण पुढे चौक्या टाकल्या तरी चिनी बळ वापरून त्या उठवणार नाहीत, असा आयबीचा अंदाज होता, आणि १९६१च्या नोव्हेंबरात चौक्या पुढे सरकवण्याचा निर्णय झाला तेव्हा तो अंदाज पायाखाली होता. २० ऑक्टोबर १९६२ ला काय झालं ते तुला माहीत आहे. माझ्या मते या प्रकरणातला मोठा दोष असा, की बातमी गोळा करणारा आणि तिचा अर्थ लावणारा एकच होता. आपण काढलेल्या सोन्याचा कस आपणच सांगायचा, मग तो शंभर नंबरीच निघतो.

१९६५ ला तऱ्हा वेगळी. पाकिस्तानकडे एक चिलखती डिव्हिजन आहे हे सगळ्यांना माहीत होतं. दुसरीही उभी झाली आहे हे आपल्याला वेळेवर कळलं नाही, अशी लष्कराची तक्रार होती. सियालकोट भागात आपल्या रणगाड्यांची गाठ तिच्याशीच पडली. फिल्लोरा-चविंड्याच्या त्या लढाईत पूना हॉर्सचे कर्नल तारापोर पडले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. महूच्या वर्गात हे शिकवताना मी फळ्यावर दोन चौकोन काढायचो, एक भरीव आणि एक टिंबाटिंबांचा. टिंबाटिंबांचा म्हणजे जो होता पण आपल्या नकाशावर नव्हता. याला सैन्यात 'ऑर्बॅट' म्हणतात: समोर कोणत्या पलटणी, कुठे, कोणाच्या हाताखाली. अगदी कंटाळवाणी यादी. ती चुकली की माणसं मरतात.

या दोन ठेचांनंतर इंदिरा गांधींच्या काळात, २१ सप्टेंबर १९६८ ला, आयबीचा परदेशी भाग कापून 'रिसर्च अँड ॲनालिसिस विंग' उभी झाली. सुरुवातीला माणसं अडीचशेच्या आसपास, बहुतेक आयबीतूनच आलेली. प्रमुख रामेश्वरनाथ काओ. बनारसचे, इंग्रजांच्या काळात पोलीस सेवेत शिरलेले. १९५५ ला चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय ज्यातून जाणार होते ते 'काश्मीर प्रिन्सेस' विमान स्फोटाने समुद्रात पडलं, त्या तपासात आपल्याकडून काओ गेले होते. पुढे घानासारख्या नव्या स्वतंत्र देशाची गुप्तवार्ता संस्था उभारायलाही त्यांनी मदत केली. माणूस इतका अबोल की त्यांचे फोटोसुद्धा हाताच्या बोटांवर मोजावेत. फावल्या वेळात घोड्यांची शिल्पं घडवायचे. हे मुद्दाम सांगतोय. सिनेमात दिसतो तो छाती काढून चालणारा नायक, आणि ज्याने संस्था उभी केली तो हा.

'विंग' या शब्दाकडे लक्ष दे. ही स्वतंत्र संस्था नाही, कॅबिनेट सचिवालयाची एक शाखा आहे. प्रमुखाचं अधिकृत पद 'सचिव (रिसर्च)'. वाट सरळ पंतप्रधानांकडे जाते. गृहखात्याकडे नाही, परराष्ट्र खात्याकडे नाही आणि लष्कराकडेही नाही. आयबी गृहखात्याच्या छत्राखाली. आईला एवढं सांगितलंस तरी पुरे.

पहिली मोठी परीक्षा लवकरच आली. १९७१ ला पूर्व बंगालात, स्थापनेला तीन वर्षं होत नाहीत तोच. मुक्तिवाहिनीला मदत, सीमेपलीकडची खबर, आणि मुख्य म्हणजे पाकिस्तानी सैन्याच्या हालचालींचं बऱ्यापैकी बिनचूक चित्र. ३ डिसेंबरला पाकिस्तानने विमानहल्ले केले तेव्हा आपण झोपेत नव्हतो. १९७५ च्या सिक्कीमच्या विलीनीकरणातही रॉचा हात होता. मग १९७७. सरकार बदललं, आणीबाणीत रॉला वापरलं असा नव्या सरकारचा संशय, आणि मोरारजींच्या काळात पंख छाटले गेले. काओ पदावरून गेले. परदेशातली माणसं जोडायला वर्षं लागतात, तोडायला एक आदेश पुरतो. त्या काळाबद्दल कहूटा या पाकिस्तानी अणुकेंद्राजवळच्या न्हाव्याच्या दुकानातल्या केसांचे वगैरे किस्से तू ऐकले असशील. रंगतदार आहेत. कागद कोणी पाहिलेला नाही, म्हणून माझ्या उत्तरात त्यांना जागा नाही.

आता रोजचं काम. तू म्हणतेस 'एजंट'. तिथे नोकरी करणारा अधिकारी असतो. एजंट म्हणजे ज्याला तो अधिकारी परदेशात गाठतो, ओळख वाढवतो, विश्वासात घेतो, आणि जो पैशासाठी, रागापोटी, विचारांपायी किंवा नुसता अडचणीत सापडला म्हणून आपल्या देशाची बातमी देतो. आम्ही फौजेत त्याला 'सोर्स' म्हणायचो. बरेच अधिकारी दूतावासात साध्या हुद्द्यावर बसलेले असतात, सापडले तर यजमान देश त्यांना परत पाठवतो. सोर्स सापडला तर तो संपतो. तुला हे काम करायचं असेल तर हा फरक आताच पोटात उतरव, कारण रात्री झोप लागते की नाही ते यावर ठरतं.

पण मोठा भाग यातला नाहीच. सराफ्यात दिवसा गेलीस तर दुकानांपुढची धूळ झाडून गोळा करणारी माणसं दिसतील. आपल्या मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात, इथले लोक न्यारिया. ती धूळ धुवून, गाळून त्यातून सोन्याचे कण काढायचे. डेस्कवर बसलेला अधिकारी हा झारेकरी. दुसऱ्या देशाची वर्तमानपत्रं, संसदेतली भाषणं, अर्थसंकल्प, लष्करी बदल्यांच्या बातम्या, विमानातून आणि उपग्रहातून काढलेली छायाचित्रं (१९६३ ला उभं राहिलेलं एव्हिएशन रिसर्च सेंटर पुढे रॉकडेच आलं), पकडलेली रेडिओ-टेलिफोनची बोलणी, मित्रदेशांच्या संस्थांनी दिलेलं काही, आणि त्यात कुठेतरी सोर्सने सांगितलेलं एक वाक्य. हे सगळं घमेल्यात घालून हलवायचं. दहा दिवस काही हाती लागत नाही. गुप्त कारवाया होतात, सगळेच देश करतात, पण त्यांच्यावर मी बोलणार नाही. जे छापून आलंय त्यातलं बरंचसं फुगवलेलं आहे.

माझी एक फजिती सांगतो. उत्तरेच्या एका चौकीवर असताना पलीकडचं एक रेडिओ स्टेशन तीन दिवस गप्प झालं. रोज ठरलेल्या वेळी बोलणारं. मी तरुण कॅप्टन, सात पानांचा अहवाल लिहिला. फ्रीक्वेन्सी, वेळा, तक्ते, मागच्या वर्षीची तुलना. निष्कर्ष सहाव्या पानावर. माझ्या कमांडरने पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "उद्या सकाळी मी काय करू?" मला उत्तर देता येईना. पुढे महिन्याभराने कळलं की पलीकडे पलटण बदलली होती. ती गोष्ट माझ्या कागदात होती. पण सहाव्या पानावरची बातमी म्हणजे न आलेलीच बातमी. त्या रात्री सात पानांचं एक पान करायला मला पहाट झाली, आणि त्यानंतरच्या नोकरीत मी दीड पानाच्या पुढे कधी गेलो नाही.

हाच दोष मोठ्या आकारात बघायचा तर कारगिल. १९९९ च्या लढाईनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिचा अहवाल, काही भाग वगळून, संसदेपुढे आला आणि तो वाचता येतो. तुझ्यासारखीने तो वाचायलाच हवा. त्यात दिसतं की १९९८ च्या जूनमध्ये आयबीच्या संचालकांनी सीमेपलीकडच्या हालचालींबद्दल पत्र लिहिलं होतं. ते वर पंतप्रधान, गृहमंत्री यांच्यापर्यंत गेलं. ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज होती त्या तिघांना, म्हणजे रॉचे प्रमुख, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्तेचे महासंचालक, त्यांना ते पाठवलेलंच नव्हतं. रॉचंही पाहा. १९९८ च्या सप्टेंबरच्या अहवालात मर्यादित, झटपट हल्ल्याची शक्यता नोंदवलेली. मार्च १९९९ च्या अहवालात मात्र, पाकिस्तानची तिजोरी रिकामी आहे, नजीकच्या काळात युद्ध करणं शहाणपणाचं ठरणार नाही, असा सूर. शहाणपणाचं ठरणार नाही हे खरंच होतं. पण समोरचा शहाणपणानेच वागेल हे कोणी सांगितलं? आणि कारगिलसमोर कोणत्या पलटणी आल्या-गेल्या याची नेमकी माहिती नव्हती. पुन्हा ऑर्बॅट. टिंबाटिंबांचा चौकोन चौतीस वर्षांनी परत आला.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच लढाईत, मे महिन्याच्या शेवटी, पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ बीजिंगमध्ये आणि त्यांचे जनरल अझीज रावळपिंडीत, अशा दोघांचं टेलिफोनवरचं बोलणं पकडलं गेलं. घुसखोर म्हणजे मुजाहिदीन, आमचा संबंध नाही, हा पाकिस्तानचा दावा त्याने कोसळला. ११ जूनला सरकारने ते जगापुढे ठेवलं. याचं श्रेय सगळीकडे रॉलाच दिलं जातं. ऐकण्याच्या धंद्यातला माणूस म्हणून मला आजही त्याचा हेवा वाटतो. फक्त, असं बोलणं उघड केलं की ती तार कायमची बंद होते, म्हणून ते उघड करावं की नाही यावर आमच्यात अजून वाद होतात. माझं मत: तेव्हा करणं बरोबर होतं.

कारगिलनंतर २००२ ला तिन्ही दलांची मिळून डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी आली, २००४ ला तांत्रिक गुप्तवार्तेसाठी एनटीआरओ ही संस्था. खाती वाढली. पत्र योग्य टेबलावर पोचतं का, हा प्रश्न खाती वाढल्याने आपोआप सुटत नाही, कधी कधी टेबलंच वाढतात.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण आत जायचं तर माहीत हवी. ब्रिटनची परदेशी गुप्तवार्ता संस्था एमआय-सिक्स १९०९ पासूनची, पण १९९४ ला तिच्यासाठी संसदेत कायदा झाला. अमेरिकेची सीआयए १९४७ च्या कायद्याने जन्मली, आणि सत्तरच्या दशकातल्या भानगडींनंतर तिच्यावर त्यांच्या संसदेच्या समित्या बसल्या. रॉ मात्र सरकारी आदेशावर उभी आहे, तिचे अधिकार सांगणारा कायदा नाही. माहितीच्या अधिकारातून ती वगळलेली आहे, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या तक्रारी सोडून. कर्मचाऱ्यांनी संघटना काढू नये म्हणून १९८५ चा कायदा आहे. २०११ ला खासदार मनीष तिवारींनी असा कायदा करण्यासाठी खासगी विधेयक आणलं होतं, ते पुढे सरकलं नाही. माझे बरेच जुने सहकारी म्हणतात, कायदा आला की हात बांधले जातील. मला तसं वाटत नाही. १९७७ ला जे झालं ते कायदा नव्हता म्हणूनच इतकं सोपं झालं. आणि २००४ ला रविंदर सिंग हा रॉचाच संयुक्त सचिव नेपाळमार्गे अमेरिकेला पळाला, तेव्हा कोणाचं काय चुकलं ते लोकांना कधी कळलंच नाही. अर्थात, मी बाहेरचा माणूस. आतल्याला वेगळं दिसत असेल.

आता वाट. रॉची 'एजंट भरती' अशी जाहिरात निघत नाही, म्हणून त्या क्लासचा फॉर्मही निघणार नाही. वरच्या पदांवर माणसं येतात ती आधीच सरकारी सेवेत असलेल्यांतून: पोलीस सेवा, महसूल, सैन्य, इतर केंद्रीय सेवा. काही जण नागरी सेवेत निवड झाल्यावर थेट तिच्या स्वतःच्या केडरमध्ये, रिसर्च अँड ॲनालिसिस सर्व्हिसमध्ये घेतले जातात. विक्रम सूद, जे २००० ते २००३ प्रमुख होते, ते मूळचे भारतीय डाक सेवेतले. बघ, जासूद पुन्हा टपालातूनच आला. दुसरा रस्ता तुझ्या बी.एस्सी.ला जवळचा: कॅबिनेट सचिवालयाच्या नावाने अधूनमधून तांत्रिक पदांच्या उघड जाहिराती येतात, डेप्युटी फील्ड ऑफिसर वगैरे, आणि त्यांत 'गेट' या अभियांत्रिकी-विज्ञानाच्या परीक्षेचे गुण विचारतात. अटी दर वेळी जाहिरातीतच वाच. आयबीची परीक्षा वेगळी, ती गृहखातं उघडपणे घेतं. कोणता रस्ता तुझा, हे तुझ्या विषयावर, वयावर आणि घरच्या परिस्थितीवर आहे. नागरी सेवेला तीन-चार वर्षं घालवणं सगळ्यांना परवडत नाही, आणि न परवडणं यात कमीपणा काही नाही.

ज्याचा नक्की उपयोग होतो ती भाषा. इंग्रजी नव्हे. चिनी, पश्तो, बर्मी, सिंहली, अरबी, यांतली एक, वर्तमानपत्र वाचता येईपर्यंत. दिल्लीत संरक्षण खात्याचं स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस आहे, १९४८ पासून. आमच्या मराठी मुलांना तसं जड जाऊ नये. इंदुरात घरी मराठी, गल्लीत हिंदी, कॉलेजात इंग्रजी बोलतच वाढतात. नोकरी नाही मिळाली तरी भाषा वाया जात नाही, क्लासची फी जाते.

आणि स्वभावाला मानवेल का, ते घरीच तपासता येतं. एक शेजारी देश निवड. श्रीलंका घे, सोपा आहे. दर शनिवारी तिथल्या आठवड्याभराच्या बातम्या वाचून एकच पान लिही: काय घडलं, त्याचा अर्थ काय, पुढच्या महिन्यात काय होईल. पहिल्या दोन ओळींत निष्कर्ष. तारीख घालून वही बंद कर. सहा महिन्यांनी उघडून लाल शाईने बघ, किती वेळा चुकलीस आणि चूक बातमीत होती की अर्थात. ते बघताना मजा येत असेल तर तू या कामाची. पहिली चार पानं झाली की मला पाठव, चष्मा काढून विचारायचं काम मी करीन.